कंसातली शांतता

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत, टेबलाच्या कोपऱ्याला, चहाच्या पेल्यांच्या आडोशाला जो जुना टेपरेकॉर्डर बसलेला दिसतो, तो मी. रंग मूळचा काळा होता असं ऐकून आहे. कॅसेट घालायचं झाकण एका बाजूने डुगडुगतं. थांबायची कळ दाबली की अख्ख्या घराला कळेल असा खट्ट आवाज होतो. बाकी वयाच्या मानाने प्रकृती बरी आहे.

माझ्यासारख्या वस्तूने आपली कहाणी सांगायला घेतली की पुढे शाळेतली मुलं मांडी घालून बसतात. आज मुलांना जरा बाहेर खेळायला पाठवा. लाजण्यासारखं काही नाही. पण गोष्ट नवराबायकोची आहे, आणि ती कळायला माणसाने आयुष्यात एकदा तरी कोणाशी तरी अबोला धरलेला असावा लागतो.

मला डोळे नाहीत. एका बारीक जाळीमागे एक कान आहे, तोच माझा सगळा प्रपंच. त्यामुळे कोण देखणं, कोण कुरूप, हे मला विचारू नका. कोण कोणाला मधेच तोडतं, कोण 'हो' म्हणायच्या आधी किती थांबतं, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगेन. माणसांच्या बोलण्याचा जमाखर्च मांडायची मला खोडच आहे. एकाने किती शब्द दिले, दुसऱ्याने किती परत केले, कोणाकडे किती थकले. घरोघरी ही बाकी निघतेच, आणि प्रत्येकाला वाटतं की येणं आपलंच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. हातोहात पुढे सरकत मी एका मुलीसमोर आलो. तिने माझी रेकॉर्ड करायची कळ, जिला सगळे लाल कळ म्हणतात ती, दाबली आणि म्हणाली, "हॅलो, आज फार उकडतंय." मग तेच परत ऐकलं आणि "चालतोय" म्हणून मला पुढे ढकललं. जगात आल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हवामानाचं होतं. पुढे कळलं की बरेच संसारही असेच सुरू होतात.

पहिली नोकरी मालवाहतुकीच्या कचेरीत. तिथले मॅनेजर सकाळपासून माझ्या जाळीत पत्रं ओतायचे. "महोदय, आपले पत्र मिळाले, परंतु माल मिळाला नाही." आवाज असा, की ऐकणाऱ्याने उभं राहावं. घरून बायकोचा फोन आला की त्याच आवाजाची हवा निघून जायची. "हं. हं. बरं. ठेव." रोज एवढंच. तरी कचेरीत माझं फार कौतुक होतं. "हा आहे म्हणून आपलं काम चाललंय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. बायकोबद्दल असं म्हणताना मी त्यांना ऐकलं नाही.

मग कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. पोटातल्या बॅटऱ्या तशाच राहिल्या, कोणी काढल्या नाहीत. त्या आतल्या आत पाझरल्या आणि माझ्या स्प्रिंगांवर खार चढला. कपाटातून भंगाराच्या दुकानात गेलो, तिथे एका मोडक्या पंख्याखाली दबून बसलो. मित्रांनो, उपेक्षेला आवाज नसतो, म्हणून त्या काळाबद्दल मला फारसं सांगता येत नाही.

एक दिवस दुकानात कोणी तरी मला उचललं, कळा दाबून पाहिल्या आणि दुकानदाराला म्हणालं, "दात चांगले आहेत ह्याचे. हिरड्या सुजल्यात."

हे गृहस्थ कवळ्या करायचे. म्हणजे दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवत आणि हे घरच्या मागच्या खोलीत बसून त्या मापाचे खोटे दात घडवत. लोक त्यांना कवळीवाले म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांनी माझ्या स्प्रिंगांवरचा खार दात कोरायच्या हत्याराने खरवडला, कोपरे बारीक ब्रशने झाडले, आणि हे करताना सगळा वेळ माझ्याशी बोलत होते. "आ कर. हां. दुखणार नाही. झालंच." मला तोवर कोणी 'दुखणार नाही' म्हटलं नव्हतं.

मला घरी आणायचं कारण त्यांची बायको. ती कादंबऱ्या लिहायची. कसल्या म्हणाल, तर शृंगाराच्या. लोक ज्या उशीखाली ठेवतात आणि 'छे, मी नाही वाचत' म्हणतात, त्या. तिचा उजवा हात मनगटात मोडला होता. मागच्या खोलीत दातांच्या साच्यासाठी कालवलेलं प्लास्टर फरशीवर सांडलं होतं, त्यावरून पाय घसरून ती पडली होती. "घरात प्लास्टरची पोती पडलीत," कवळीवाले येईल त्याला सांगत, "आणि ही हात बांधायला बाहेर गेली. मी इथल्या इथे बांधला असता, वर चार दात फुकट बसवले असते."

"बसवा तुम्हीच," ती म्हणायची. "चावायला उपयोगी पडतील."

हात बांधलेला, आणि पुस्तक तर व्हायलाच हवं होतं. कारण तिची लागोपाठ दोन हस्तलिखितं परत आली होती. संपादकांचं शेवटचं पत्र तिने मोठ्याने वाचलं तेव्हा मी टेबलावरच होतो. "दोघं भेटतात आणि धापा टाकतात. पुन्हा भेटतात, पुन्हा धापा टाकतात. पण बोलत नाहीत. ह्यांना एकमेकांबद्दल काही ठाऊक आहे असं वाटत नाही, मग वाचकाला ह्यांचं काय पडलंय? पुढचं पुस्तकही असंच असेल तर आपण इथेच थांबू."

वाचून झाल्यावर टेबलावर कागद ठेवल्याचा आवाज आला. नातेवाइकांत ती वहिनी होती, काकू होती, मामी होती. लेखिका म्हणणारी जागा जगात एवढी एकच होती, आणि आता तीही दार लावून घेत होती.

तर ठरलं असं. दुपारी जेवणं आटोपली की तिने माझी लाल कळ दाबून सांगत सुटायचं. कॅसेट भरली की कवळीवाल्यांनी ती कोर्टमावशींकडे पोचवायची. ह्या मावशी जन्मभर कोर्टात साक्षी टाइप करून निवृत्त झालेल्या. त्यांचं घर छापखान्याच्या मागेच होतं, म्हणून एक प्रत त्या परस्पर संपादकांकडे टाकायच्या आणि दुसरी इकडे पाठवायच्या. व्यवस्था चोख होती. चोख व्यवस्थाच माणसाला गोत्यात आणते.

पहिलं प्रकरण टाइप होऊन आलं आणि लेखिकेने मावशींना तातडीने बोलावून घेतलं.

"मावशी, माझी पानं कुठे गेली? तो दिवा मालवतो त्यानंतरची?"

"आहेत की. 'नंतर बराच वेळ गेला.' त्यात आलं सगळं."

"सगळं कसं येईल त्यात?"

"अगं, समोर जावई पेपर वाचत बसलेला. त्याच्यादेखत मी ते 'थरथरत्या अधरांनी' कसं बडवू? शिवाय कानाला इयरफोन लावून ऐकावं लागतं मला. तो म्हणाला, सासूबाई, केस कसली आहे? मी म्हटलं, जमिनीची."

मागच्या खोलीतून कवळीवाल्यांचं हसू ऐकू आलं. लेखिकेला मात्र हसू आलं नाही.

"मावशी, त्या पानांसाठीच लोक माझं पुस्तक घेतात. ह्यापुढे तुमची कातर लावायची नाही. टेपमध्ये जे असेल ते सगळं कागदावर आलं पाहिजे. शब्दन् शब्द."

"सगळं?"

"सगळं."

"बघ हं," मावशी उठताउठता म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. दुखावलेल्या माणसाचा आवाज असा नीटनेटका होतो. "मी कोर्टात होते. तिथे सगळं म्हणजे सगळं असतं."

हे वाक्य लेखिकेने मनावर घेतलं नाही. मी घेतलं होतं, पण मला विचारतो कोण?

सांगायचं काम सुरू झालं. ती विरामचिन्हांसकट सांगायची, त्याची एक गंमत असायची. "त्याने तिला आपल्या पोलादी बाहूंत अलगद उचलले पूर्णविराम तिच्या ओठांतून एक सुस्कारा स्वल्पविराम एक हुंकार स्वल्पविराम..."

"कुठून उचललं?" मागच्या खोलीतून प्रश्न आला. कवळी घासायचं यंत्र बंद झालं.

"काय?"

"खुर्चीतून का जमिनीवरून? जमिनीवरून असेल तर गुडघ्यात वाकायला सांग त्याला. कंबर धरते."

"माझ्या नायकाची कंबर धरत नाही."

"लग्न व्हायचंय अजून त्याचं."

इथे तिने मला बंद करायला हवं होतं. पण माझ्या कळेचा खट्ट आवाज झाला की तिची लय तुटायची, पुन्हा तार जुळायला वेळ जायचा. म्हणून मी तसाच फिरत राहिलो. मधलं बोलणं कोणीही शहाणा माणूस गाळेल, अशी तिची समजूत. 'शब्दन् शब्द'ची स्वतःचीच ताकीद ती विसरली होती.

"आणि उचलल्यावर ती काय म्हणते?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणत. तिला शब्द फुटत नाही."

"असं कसं? तुला उचललं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, खाली ठेवा, माझी चप्पल पडली."

"पडलीच होती!"

"मी कुठे नाही म्हणतो? मी एका हाताने चप्पल शोधली, दुसऱ्या हातात तू. ह्या सहाफुट्याला सांग, जमतं का बघ."

मित्रांनो, त्या घरात येऊन मला तेव्हा काही फार दिवस झाले नव्हते. पण माझ्या जमाखर्चात एक गोष्ट चटकन नोंदली गेली. नायक आणि नायिका कितीही धुमसले तरी माझी टेप आपली थंडच फिरायची. ही दोघं चपलेवरून वाद घालू लागली की माझ्या जाळीला कान टवकारावासा वाटायचा. संपादकांना जे हवं होतं ते ह्या खोलीत उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे चाललेलं होतं, आणि लेखिका ते 'व्यत्यय' म्हणून बाजूला सारत होती.

पण दोघांत एक गाठ होती. तीही मी येणाऱ्याजाणाऱ्यांशी तिच्या चाललेल्या गप्पांतून ऐकली होती. कवळीवाले तिच्या पुस्तकांबद्दल कधी काही बोलायचे नाहीत. नायकाची कंबर, नायकाचे गुडघे ह्यावर चेष्टा करायचे, पण छापलेल्या पुस्तकाबद्दल चकार शब्द नाही. पुस्तक आलं की "आलं का? छान" आणि पुन्हा यंत्र सुरू. तिने कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. तिच्या आवाजातली किनार मात्र मला कळायची. तिला वाटत होतं, ह्यांना माझी लाज वाटते.

ती दुपार आली. नायिका नायकाच्या शर्टाची गुंडी सोडते असा प्रसंग होता. लेखिका अडली.

"अहो, गुंडी एका हाताने सुटते का?"

"कोणाची?"

"नायकाची. तिचा दुसरा हात त्याच्या केसांत आहे."

"मोकळा कर म्हणावं." पावलं जवळ आली. "माझ्या हाताला मेण लागलंय, मी काही सोडून दाखवू शकत नाही. तू बघ माझी सोडून."

"माझा डावाच हात आहे."

"मग बरोबर. नवशिकीच असेल ना ती?"

खुर्ची सरकली. कापडाची खसखस झाली.

"हलू नका."

"हलत नाहीये. गुदगुल्या होतात."

"घट्ट आहे हो काज. कोणी शिवलं हे?"

"तूच. आतून ढकल. अंगठ्याने. अशी नाही, खालून. हां."

"सुटली!"

"बघ. इतका वेळ लागतो. तुझी ती 'एका झटक्यात' सोडते. झटक्यात तुटते फक्त."

दोघं हसली. मग हसू ओसरलं, आणि पुष्कळ वर्षांनी एखाद्या जिन्याच्या खालचं कपाट उघडावं तसं तिने विचारलं, "झटक्यात सोडते हे तुम्हाला कसं ठाऊक? तुम्ही माझं पान तरी वाचलंय का कधी?"

"पहिलं पुस्तक वाचलं होतं."

"कधी?"

"छापून आलं तेव्हाच. मागे बसून. दोन डॉक्टरांचं काम रखडलं होतं."

"मग बोलला नाहीत ते?"

"काय बोलू? त्यात तो सहा फुटी. घोड्यासारखे खांदे. अंगाला चंदनाचा वास. माझ्या अंगाला खोट्या हिरड्यांचा रंग आणि कवळीच्या मसाल्याचा तो नाकात जाणारा वास. मी म्हटलं, आपलं इथे काही काम नाही. पुस्तक ठेवून दिलं."

"अहो, सहा फूट संपादकांना हवा होता."

"मला वाटलं, तुलाही हवा होता."

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"लाज? अगं, तुझ्या पुस्तकात तो कधी तिला विचारतच नाही काही. सरळ उचलतो. मी तर दिवा घालवू का राहू दे, एवढं विचारायलासुद्धा घाम पुसत होतो. तू काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"आठवतं," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे. पण चष्मा काढा, नाहीतर मला तुमच्या डोळ्यांत दोन दिवे दिसतात."

"मी काढला. मग मला काहीच दिसेना. मी म्हटलं, आता तूच सांगत जा."

"आणि मी सांगत गेले."

ह्यानंतर दोघंही बोलली नाहीत. माझी टेप फिरत होती. त्या फिरण्याचा जो बारीक सूं सूं आवाज असतो, तेवढा ऐकू येत होता. मग बाजू संपली आणि मी आपोआप खट्ट थांबलो. पुढचं कॅसेटवर नाही. मी ऐकलं, कारण कान बंद करायची कळ मला कोणी बसवलेली नाही. पण सांगणार नाही. मुलं बाहेर असली तरी खिडकी उघडी आहे.

कॅसेट ठरल्याप्रमाणे मावशींकडे गेली. कागद परत आले. लेखिकेने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता तिचा आवाज चिरकायला लागला.

"'बाई: हलू नका. पुरुष: हलत नाहीये. गुदगुल्या होतात. कंसात, दोघे हसतात. बाई: घट्ट आहे हो काज.' अहो! अहो, इकडे या!"

"काय झालं?"

"कोर्टमावशींनी आपल्याला साक्षीदार केलंय!"

मावशींनी शब्द पाळला होता. पोलादी बाहू होते, थरथरते अधर होते, आणि त्यांच्या मधोमध चप्पल, कंबर, गुंडी, सहा फूट, चष्मा, सगळं होतं. कोर्टाच्या शिस्तीत, कोण बोललं ते डावीकडे, आवाज कंसात. 'खुर्ची सरकल्याचा आवाज.' 'पुरुषाचा आवाज घोगरा.' सर्वांत खाली: 'शांतता. येथे टेप संपते.'

आणि दुसरी प्रत संपादकांच्या टेबलावर पोचलेली होती.

लेखिका रडली नाही. ती फक्त एकसारखी म्हणत राहिली, "संपलं. आता तोंड कसं दाखवू? संपलं." कवळीवाल्यांनी पाणी आणून ठेवलं आणि गुपचूप मागच्या खोलीत गेले. यंत्र मात्र सुरू झालं नाही.

फोनऐवजी संपादक स्वतःच आले. उतारवयाचे गृहस्थ असावेत, कारण प्रत्येक वाक्यागणिक त्यांच्या तोंडात टक् असा आवाज व्हायचा.

"बाई, हस्तलिखित वाचलं," टक्. "नायक-नायिका तुमची नेहमीचीच. धापा टाकतात."

"मी ते परत घेते. चुकून—"

"ऐकून घ्या. मधे मधे ती दोघं कोण बोलतात?"

टेबलावरचे कागद तिने आपल्याकडे ओढले.

"म्हणजे चप्पल पडते ती. चष्मा काढतो तो. मी वाचता वाचता पुन्हा मागे गेलो," टक्. "इतकी वर्षं ह्या प्रकारची पुस्तकं छापतोय. गुंडीला इतका वेळ लागलेला मी पहिल्यांदा वाचला, आणि सुटली तेव्हा मीच हुश्श केलं. त्या सहाफुट्याला घरी पाठवा. मला ह्या दोघांचं पुस्तक द्या. हे देणार असाल तर छापतो. नाहीतर, तुम्हाला पत्रात लिहिलंच होतं."

म्हणजे सोन्याची संधी दाराशी आली होती आणि तिच्या आत माझं, म्हणजे ह्या घराचं, सगळं अंतरंग होतं. मला वाटलं, आता ती हो म्हणणार. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं राहून टक् टक् करत होतं.

ती म्हणाली, "मला एकटीला नाही सांगता येणार."

"म्हणजे?"

"अर्धे शब्द माझे नाहीत. ह्यांचे आहेत. ह्यांना विचारायला हवं. नाही म्हणाले तर नाही."

"आणि मग तुमचं लिहिणं?"

"मग नाही," ती म्हणाली.

तिने हाक मारली. कवळीवाले आले. तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी आधी वाचतो." कागद उचलले आणि मागे गेले. दार लोटलं गेलं. त्या घरात ते दार लोटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाहेर दोघं बसून राहिली. लेखिका डाव्या हाताने माझी एक कळ दाबत होती, सोडत होती, दाबत होती. संपादकांनी चहा घेतला. आत पानं उलटत होती, सावकाश. एकदा आतून हसल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच नाही. तिची कळ दाबायची थांबली.

दार उघडलं.

"तुमची खालची कवळी सैल आहे," ते आधी संपादकांना म्हणाले. "जाण्याआधी माप देऊन जा." मग तिच्याकडे वळले असावेत, कारण आवाज बदलला. "ह्यात एक चूक आहे."

"कुठे?"

"शेवटी. मावशींनी कंसात 'शांतता' लिहिलंय."

"मग? शांतताच होती. कोणी बोललं नाही."

"मी तुझ्याकडे बघत होतो."

मित्रांनो, मी टेबलावर बसल्या जागी गार झालो. आयुष्यभर माझ्यातून अशा किती जागा फिरून गेल्या. मॅनेजरसाहेबांच्या फोनवर 'बरं' आणि 'ठेव' ह्यांच्या मधली एक जागा होती. तिथे ते कुठे बघत होते कोण जाणे. मी त्या सगळ्या जागांना कोरी टेप समजून खर्चाच्या बाजूला टाकल्या होत्या. माझा अख्खा जमाखर्च फक्त ऐकू आलेल्या मालाचा होता.

"मग काय लिहू तिथे?" लेखिकेने विचारलं.

"लेखिका तू आहेस."

पेन्सिलीचा खरखर आवाज झाला. डाव्या हाताचा, अडखळणारा. ती लिहिता लिहिता म्हणाली, "तो तिच्याकडे बघत होता."

"हं," ते म्हणाले. "आणि ती?"

"ती कुठे बघत होती ते तुम्हाला ठाऊक नाही?"

"माझा चष्मा मेणाने बरबटला होता."

"ती गुंडीकडे बघायचं सोंग करत होती." पेन्सिल थांबली. "लिहू हे? चालेल तुम्हाला?"

"लिही," ते म्हणाले. "आणि सहाफुट्याला सोडायला मी स्टँडपर्यंत जातो."

पुस्तक निघालं. लोकांनी ते उशीखाली ठेवलं की उशीवर, ते मला माहीत नाही. कोर्टमावशी एक प्रत घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "कंस सगळे माझे आहेत हं. जावयाला सांगितलं मी." कवळीवाले ते पुस्तक मागच्या खोलीत घेऊन गेले आणि ह्या खेपेला वाचता वाचता आतून ओरडून सांगत राहिले. "इथे तू मला वाढवून लिहिलंयस! इतकं गोड मी नाही बोललो!" आणि ती इकडून, "मी तसं ऐकलं होतं!"

तिचा हात आता बरा झाला आहे. ती पुन्हा हाताने लिहिते. मला फारसं काम उरलेलं नाही. पण कवळीवाले अधूनमधून माझ्या बॅटऱ्या काढून ठेवतात, स्पिरिटच्या बोळ्याने माझं आतलं तोंड पुसतात, आणि हे करताना 'दुखणार नाही' म्हणायला विसरत नाहीत. दुपारी दोघं माझ्या शेजारी बसून बोलतात, नवीन प्रसंगावरून भांडतात, मला चालू करायचं कोणाच्याच लक्षात येत नाही. माझ्या वस्तूजन्मात एवढं सुखाचं विसरणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

जाता जाता एवढंच मागतो. माझ्यासारखा एखादा जुना रेकॉर्डर तुमच्या माळ्यावर असेल तर त्याच्या पोटातल्या बॅटऱ्या आज काढा, उद्यावर टाकू नका. जुनी कॅसेट सापडली तर कोरी वाटणारी जागा पुसून तिच्यावर दुसरं काही भरू नका. आणि घरातलं आपलं माणूस बोलता बोलता मधेच गप्प झालं, तर लगेच कसली तरी कळ दाबून ती जागा भरायला जाऊ नका. आधी त्याच्याकडे बघा. मला ते जमत नाही. तुम्हाला जमतं.